दोन अक्षरांचे शब्द

सोमवार, ६ जानेवारी

कंपनीच्या बसने साडेसहाला घरी. दिवसभर स्टोअरमध्ये माल उतरवून घेतला. येताना दूध आणि कोथिंबीर आणली. अख्खी जुडी! एकटीला कशाला लागते, कोण जाणे. हात सवयीने घेतो.

दारात अनघा मॅडम उभ्या. बी विंगच्या, शाळेत इंग्रजी शिकवायच्या, आता रिटायर. मला बघून चेहरा पाडला. तोही शिकवल्यासारखा. म्हणाल्या, "सविता, घाई नाही गं, पण तो बोर्ड तेवढा..."

घाई नाही म्हणे! आईचं तेरावं होऊन आठवडासुद्धा झालेला नाही.

बोर्ड म्हणजे स्क्रॅबलचा. इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या जोडून शब्द करायचे, तो खेळ. बोर्ड मॅडमचा, पण असायचा आमच्याकडे, कारण रोज दुपारी त्या खेळायला यायच्या. मी म्हटलं, "शोधावा लागेल." खोटं. टीव्हीखालच्या कप्प्यात आहे. येता-जाता दिसतो.

"सावकाश शोध," म्हणाल्या. आत येऊ पाहत होत्या. मी दारातून हलले नाही.

मी कुणाशी फार बोलत नाही. हे तर बोलण्यासारखंच नाही. म्हणून लिहिते.

आईचा शेवटचा शब्द — "जा".

पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल, कदाचित नाही. शनिवारी मी कामावरून तडक दवाखान्यात गेले. आई जागी होती. मी वाकून विचारलं, "आई, मी राहू का आज इथे?" तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ एका बाजूने हलले. झटक्यानंतर पहिल्यांदाच काही ऐकू आलं. "जा." अगदी स्पष्ट.

पुन्हा विचारायचं धैर्य झालं नाही. पिशवी उचलली आणि निघाले. पहाटे फोन आला.

आमच्याकडे निघालेल्या माणसाला कुणी "जा" म्हणत नाही. "ये" म्हणतात. निघणाराही "येते" म्हणतो. आईचा तर दंडकच होता. दूधवाल्याला "ये रं", वॉचमनला "ये रं बाबा". "जा" फक्त मांजराला. मी लग्न मोडून बॅगा घेऊन गावच्या घरी दारात उभी राहिले, तेव्हा तिने एका शब्दाने काही विचारलं नाही. "ये," म्हणाली.

आणि शेवटी मला "जा".

मंगळवार, ७ जानेवारी

बोर्ड अजून कप्प्यात. देणार नाही. निदान मागितल्याबरोबर तरी नाही.

या बाईने माझ्या आईचा खेळ केला. आई वराळे गावची. सातवी शिकलेली, जन्म शेतात गेला. इथे तळेगावात माझ्याकडे आली तेव्हा फ्लॅटमध्ये जीव रमेना. "कुटं बसू, कुनाशी बोलू?" करायची. सोसायटीच्या विरंगुळा केंद्रात जायला लागली आणि तिथे या मॅडम भेटल्या. भजन सोडून आईला स्क्रॅबल! ए-बी-सी-डी येत होती, तेवढ्यावर. म्हणे, इंग्रजी यायची गरजच नाही, दोन अक्षरांचे शब्द पाठ केले की डाव खेळता येतो. छापील कागद दिले. शब्द आणि पुढे अर्थ. मॅडम मराठीत सांगायच्या आणि आई चपात्या लाटताना घोकायची.

"वाय-ई ये, ये म्हंजे तुमी. एन-ई ने, ने म्हंजे न्हाई. डी-ई दे, दे म्हंजे चा-ची-चे."

मी कंपनीतून दमून यायची आणि घरात हे!

"आई, ना अर्थ कळतो, ना बोध होतो. नुसती पोपटपंची."

"पोपट न्हवं, काका म्हन! के-ए-के-ए. तिकडं समिंदरापल्याड काका म्हंजे पोपट. बाबा म्हंजे केक. न् ताई म्हंजे मासा." मग माझ्याकडे बघून, "तू गोरखची ताई न्हवं? बरोबर हाय. माशावानीच हाईस, तोंड उगडतीस पर आवाज न्हाई!"

गोरखच्या बायकोच्या, सारिकाच्या, माहेरची माणसं जेवायला बसलेली असताना श्रीखंड वाढता वाढता म्हणाली, "इंग्रजीत गू म्हंजे व्हायलीन!" सारिकाचे वडील ताटावर तसेच थांबले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं तर त्या टाळ्या वाजवून हसल्या. "अगं, पण बरोबर आहे! जुनं वाद्य आहे ते."

बरोबर आहे म्हणे. सगळं बरोबर. लोक हसले ते कुणाला?

बुधवार, ८ जानेवारी

आज कुणाशी बोलले नाही. कंपनीतसुद्धा मान हलवून भागवलं. बरा गेला दिवस.

गुरुवार, ९ जानेवारी

गोरख आणि सारिका पोरींना घेऊन आले. माझा धाकटा भाऊ आणि भावजय. वराळ्याला असतात. सारिकाने येतानाच पिठलं-भाकरी आणली, म्हणजे काहीतरी मोठं बोलायचं होतं.

"ताई, तू आता चल आमच्याकडं," गोरख म्हणाला. "एकटी बाई इथं कशी राहणार? कंपनीची बस वराळ्यावरनंच जाते. फ्लॅट बंद ठेवू, नाहीतर कुणाला राहायला देऊ."

"पोरींच्या खोलीत तुमची कॉट टाकू," सारिका म्हणाली. पोरी तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. त्यांना हे आधी सांगितलेलं नव्हतं, दिसलंच.

मी म्हटलं, "बघू."

"बघू काय? लोक काय म्हणतील, आई गेली न् बहिणीला वाऱ्यावर सोडलं." हे खरं कारण! मी नाही, लोक.

मग गोरखने विचारलं, "ताई, आई शेवटी तुझ्याशी काय बोलली गं?" सगळे हेच विचारतात. आजवर "काही नाही" म्हणत आले. आज कंटाळा आला. म्हटलं, "जा म्हणाली."

सारिकाच्या घशात घास अडकला. गोरख मात्र लगेच सावरला. मोठा वकील! "मग झालं तर! आईनंच सांगितलंय. जा म्हणजे, भावाकडं जा. तिला काळजी होती तुझी."

असा अर्थ लावतात! घरात लाकडाची वखार असल्यासारखा, हवा तेवढा कापून.

पण नंतर भांडी घासताना वाटलं, असेल. नसेल काळजी, पण आज्ञा असेल. हे घर सोडून जा. कागदोपत्री तिच्याच नावचं घर आहे. फोन करून सांगितलं, येते. सव्वीस तारखेच्या रविवारी त्याच्या मित्राचा टेम्पो मोकळा आहे म्हणे.

रविवार, १२ जानेवारी

विरंगुळा केंद्रात आईची शोकसभा. जाणार नव्हते. सेक्रेटरी घरी येऊन बसले म्हणून गेले. पहिल्या रांगेत बसवलं, हातात फुलं दिली. आईचा फोटो टेबलावर, बाजूला कॅरमचा बोर्ड उभा करून ठेवलेला. तोही हलवला नव्हता.

दोन-तीन आजोबा बोलले. सगळ्यांचं एकच. नंदाबाई हसतमुख होत्या. मग अनघा मॅडम उठल्या. कागद नव्हता हातात. माझ्याकडे न बघता बोलल्या.

"आमची मैत्री दोन अक्षरांची. नंदाबाईंनी ते शब्द पाठ केले ते मराठीत. त्यांचा आवडता शब्द माहितेय कुठला? जे-ए. जा. परक्या भाषेतून इंग्रजीत आलेला, आमच्या खेळात चालतो. जा म्हणजे हो! मी विचारायचे, नंदाबाई, शब्द पक्का? त्या म्हणायच्या, जा! चहा टाकू का? जा! अजून एक डाव? जा! वॉचमनने एकदा ऐकलं, त्याला वाटलं म्हाताऱ्या भांडल्या. आम्ही दोघी पोट धरून हसायचो."

सगळे हसले. शोकसभेत! मागे कुणीतरी "जा!" असं म्हणूनही बघितलं.

मला पुढचं ऐकू आलं नाही. फुलं हातातच राहिली. फोटोला वाहायची होती. घरी आल्यावर पाहिलं तर मुठीत चुरा.

जा म्हणजे हो.

मी विचारलं होतं, "राहू का?"

सोमवार, १३ जानेवारी

नाही. आईचं हो म्हणजे "व्हय". जन्मभर व्हय. लग्नात विचारलं असेल तेव्हाही व्हयच म्हणाली असेल. मरताना इंग्रजी कशाला बोलेल?

हे त्या बाईने माझ्या डोक्यात भरवलं आहे. माझ्या शब्दात तिने तिचा शब्द मिसळला. आता "जा" आठवलं की मागोमाग ते लोक हसताना ऐकू येतात.

सकाळी बोर्ड काढला. सोंगट्यांची पिशवी ताटात ओतली. जे अक्षर एकच असतं, आई सांगायची, "येकच हाय, सोन्यावानी जपायचं." ते शोधून काढलं. खाली घंटागाडी आली होती. ओल्या कचऱ्याच्या डब्यात, कोथिंबिरीच्या काड्यांबरोबर टाकलं. (कोथिंबीर सडलीच शेवटी.)

मग बोर्ड नेऊन दिला. मॅडमनी छातीशी धरला. "फार उपकार झाले गं." मी म्हटलं, "सगळं आहे."

आता म्हणून दाखवा कुणाला "जा"!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुतकाचं वर्ष म्हणून आमच्या दारी तिळगूळ घेऊन कुणी आलं नाही. गोड बोलायची वेळ टळली.

गुरुवार, १६ जानेवारी

दोन दिवस कामात चुका. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, बरं नसेल तर सुट्टी घ्या." कंपनीच्या नवलाख उंबऱ्याच्या शेडमध्ये मला मॅडम म्हणतात. आज त्या शब्दाचीसुद्धा चीड आली.

मॅडमचे छापील कागद आईच्या गादीखाली होते. बोर्डाबरोबर द्यायचे राहिले. वाचले. दोन अक्षरांचे एवढे शब्द असतात! एकही कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. के-ए म्हणजे मेलेल्याचा आत्मा. ए-आय म्हणजे झाडाला उलटं लोंबणारं आळशी जनावर. क्यू-आय म्हणजे जीव, प्राण. कुठल्या कुठल्या देशांतून उचलून आणलेलं, नुसतं मार्कांसाठी. अर्थाशी कुणाला घेणं नाही.

जे अक्षर असलेले दोनच. जा आणि जो. जो म्हणजे लाडकं माणूस. तेही आईला पाठ असणार. तो नाही आला तोंडात!

बसमध्ये विचार करत होते. जा म्हणजे जा असेल, तर माझी काही चूक नाही. आईने घालवलं, मी गेले. पण मग मी तिला नको होते. जा म्हणजे हो असेल, तर मी हवी होते. आणि मी पिशवी उचलून निघून गेले, आणि ती एकटी गेली.

यातलं कुठलं मागू?

शुक्रवार, १७ जानेवारी

भांडण झालं. माझ्या आयुष्यातलं पहिलं असेल. नवऱ्याशीसुद्धा भांडले नव्हते, नुसती निघून आले होते.

मी चपला काढत होते तेवढ्यात मॅडम आल्या. "सविता, सोंगट्यांत जे नाही. काल केंद्रात डाव मांडला, पिशवी उलटी केली."

"पडलं असेल कुठे."

"नंदाबाई सोंगटी पडू द्यायच्या नाहीत. डाव झाला की पदराने पुसून एकेक ठेवायच्या."

"मग मी टाकलं."

"काय टाकलं?"

"जे. घंटागाडीत. ओल्या कचऱ्यात."

"ओल्या? अगं, लाकडी असतं ते, कोरड्यात..." आणि थांबल्या. तोंड उघडंच राहिलं. त्या स्थितीतही बाईला माझी चूक सुधारायची होती!

मग मी सांगितलं. सगळं. दवाखाना, मी काय विचारलं, आई काय म्हणाली. सांगताना आवाज माझा नव्हता. मॅडम न विचारता खुर्चीत बसल्या. आईच्या.

मग म्हणाल्या, "नाही, सविता. तसं काही मनात आणू नकोस. खेळातलं खेळात राहतं. ते आमचं दोघींचं होतं. तुझ्याशी त्या मराठीतच बोलल्या असणार. घरी जा, दमलीस, असं. जा म्हणजे जा."

"आई कुणालाही जा म्हणत नव्हती. तुम्हाला माहीत नाही."

"माहीत आहे मला. मलाही ये म्हणायच्या. पण आजारी माणसाचं एवढं..."

"म्हणजे तुम्हाला हो आणि मला जा!"

"तू हे असं का..."

"तुमच्याशी पोट धरून हसायचं आणि मला जा! दुपारी तुम्हाला ती, रात्री मला औषधाच्या गोळ्या आणि 'पाय दाब गं'! तुमचं दोघींचं! माझ्या घरात!"

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं, किंचित. उघडू दे.

मॅडम उठल्या. पांढऱ्या पडल्या होत्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. दारात वळून म्हणाल्या, "मी तुला सोडवायला खोटं बोलले, आणि तुला तेही चालत नाही. मी नव्हते तिथे. तूही उभ्या उभ्याच होतीस. शेजारच्या कॉटवर एक बाई होती. मी त्या आठवड्यात गुरुवारी नंदाबाईंना भेटायला गेले तेव्हा केळं खात आमच्याकडे टकमक बघत होती. तिला विचार जा."

'विचार जा'! शब्द तरी जपून वापरावा.

"येते" न म्हणता गेल्या. मीही "या" म्हटलं नाही.

शनिवार, १८ जानेवारी

विचारणार नाही. परक्या बाईला माझ्या आईबद्दल काय विचारायचं!

रविवार, १९ जानेवारी

सारिका खोकी घेऊन बांधाबांध करायला आली. तिला घाई. आईची लुगडी कुणाला द्यायची, हे तिने आधीच ठरवलेलं. "हे हिरवं मी ठेवू का, ताई?" ठेव. "न् हे मिक्सरचं भांडं? आमच्यात आहे तसं." मग टाक.

कुकर, डबे, कढया, सगळं खोक्यात गेलं. वर चिकटपट्टी. घरात बोललेलं घुमायला लागलं.

जाताना सारिका हळू आवाजात म्हणाली, "ताई, ते 'जा' मनाला लावून घेऊ नका. म्हातारी माणसं काय पण बोलतात."

काय पण! गोरखच्या मते आज्ञा, हिच्या मते बडबड, मॅडमच्या मते आधी चेष्टा, मग मराठी. प्रत्येकाकडे उत्तर आहे. आणि कुणीही तिथे नव्हतं.

बुधवार, २२ जानेवारी

अर्धा दिवस रजा टाकून दवाखान्यात गेले. त्या जिन्यावर पाय ठेवणं जिवावर आलं होतं. वॉर्डात आईच्या कॉटवर एक तरुण मुलगी मोबाइल बघत पडलेली. शेजारची कॉट रिकामी.

सिस्टरना विचारलं. त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "बाया नावाची? लोणावळ्याच्या वरच्या वाडीतली? ती काय, डिस्चार्जच्या दिवशी पण भांडून गेली. शनिवारी येते दाखवायला. तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

उगाच आले. शनिवारी नाही जाणार.

शनिवार, २५ जानेवारी

गेले.

बाया ओपीडीच्या बाकड्यावर होती. काळी, बारीक, कपाळभर कुंकू. नवरा कोंडू केसपेपर घेऊन रांगेत उभा. मी नुसती समोर जाऊन उभी राहिले. काय बोलावं सुचेना. तिनेच ओळखलं.

"तू कोपऱ्यातल्या म्हातारीची लेक न्हवं? नंदाबायची?"

मी मान हलवली.

"बस हितं. ग्येली म्हनं. मी सकाळी उटून बगते तर कॉट मोकळी. वंगाळ वाटलं गं. लय तऱ्हेवाईक बाय, पर गोड."

"तऱ्हेवाईक का?"

"येकच शबूद! त्या दिशी दुपारच्याला वाचा फुटली. मावशीनं इचारलं, आजी पानी पायजे का? तर म्हनली, जा. मावशीला आला राग. भांडं ठिवलं न् निगाली. तर म्हातारी हात करतीया, हात करतीया. मी म्हनलं, अगं बये, पाज तिला, पायजेल हाय! चमच्यानं पाजलं तर सगळं प्याली."

मी तिच्या शेजारी बसले.

"मंग मला चाळाच लागला. नंदाबाय, उशी नीट करू का? जा! केली तर हासली, येका अंगानं. गोधडी घालू का? जा! फॅन लावू का म्हनलं, तवा मान हालवली, न्हाई अशी. थंडीत फॅन कोन लावंल! म्हंजे डोकं जाग्यावर हुतं. आमच्या ह्याला सांगितलं, तर म्हनतो, मला कसं बायकू नुसतं जा म्हनती तवा खरंच जावं लागतं!" रांगेतून कोंडू बघत होता. त्याला कळलं आपल्यावर चाललंय. तो दुसरीकडे बघायला लागला.

मी विचारलं, "संध्याकाळी मी आले होते. तुम्ही ऐकलंत?"

बायाने माझ्याकडे पाहिलं. हसणं थांबलं.

"ऐकलं की. तू राहू का म्हनलीस. ती बोलली. न् तू पिशवी उचलली. मी हाक मारली तुला. बाय, थांब. बाय, थांब! तू वळलीच न्हाईस. माज्या हातात सलाईन, न्हाईतर उटले असते."

"नंतर?"

"नंतर काय. दाराकडं बगत पडली हुती. मी म्हनलं, येतीया गं, च्या प्यायला ग्येली आसंल. मला खरंच तसं वाटलं. मंग माजाच डोळा लागला."

कोंडूने तिकडून आवाज दिला, नंबर आला. ती उठली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. दोन पावलं जाऊन वळली. "मी मोठ्यानं वराडाय पायजे हुतं," म्हणाली.

मी त्या बाकड्यावर बसून राहिले. सिस्टर दोनदा बघून गेल्या. बाया परत आली तेव्हा मी निघाले. ती म्हणाली, "ये, बाय."

रविवार, २६ जानेवारी

सकाळीच गोरखला फोन केला. टेम्पो नको म्हटलं. "का गं ताई? आई स्वतः जा म्हणाली ना?"

"राहा म्हणाली," मी म्हटलं.

आणि फोन ठेवला.

अनघा मॅडमना कळवलेलं नाही. कळवणार नाही. हा एक शब्द माझा आहे.

खोक्याची चिकटपट्टी काढून कुकर बाहेर घेतला. एकटीपुरता तांदूळ धुतला आणि भात लावला.